मॉक ट्रायल की डिबेट?

अमेरिकेतल्या आपल्या घरांत मूल नववीत गेलं की सप्टेंबरात हा प्रश्न निघतोच: शाळेच्या संघातून कोर्टातला लुटुपुटीचा खटला लढवायचा (मॉक ट्रायल) की वादविवाद करायचा (डिबेट)? दोन्हीकडे बोलायचंच आहे, मग फरक काय, असं आम्हालाही वाटलं होतं. लेकीने एकेक वर्ष दोन्ही केलं, तेव्हा कळलं की दोन्हींचा पिंडच वेगळा आहे.

डिबेटमध्ये विषय बदलत राहतात. पब्लिक फोरम या जोडीने करायच्या प्रकारात जानेवारीपासून दर महिन्याला नवा विषय, जोडीदार एक. लिंकन-डग्लस या दुसऱ्या प्रकारात तर एकटंच उभं राहायचं. बातम्या वाचायचा नाद असलेल्या, झटपट विचार करणाऱ्या मुलाला हे मानवतं. शनिवार मात्र स्पर्धांत जातात आणि प्रवासाचा खर्चही वाढतो.

मॉक ट्रायलमध्ये हंगामभर एकच खटला. साक्षीदारांची शपथपत्रं, पुरावे आणि पुराव्याचे सोपे केलेले नियम असा गठ्ठा हातात येतो, आणि तयारी दोन्ही बाजूंची करायची. सकाळी फिर्यादीकडून भांडलेली मुलं दुपारी बचाव पक्षाकडून उभी राहतात. फेरीत प्रत्येक बाजूचे तीन वकील, तीन साक्षीदार. परीक्षक बहुतेक खरे वकील असतात. खटल्याचा निकाल काहीही लागो, ते गुण देतात मांडणीला.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. लेक आपल्याच साक्षीदाराला विचारत होती, "शेजारीण तुला काय म्हणाली?" समोरची मुलगी ताडकन उठली, "ऑब्जेक्शन, हिअरसे!" म्हणजे ही दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट आहे, पुरावा म्हणून चालणार नाही. न्यायाधीशांनी हरकत मान्य केली. लेक क्षणभर थबकली, कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं, ते ऐकल्यावर तू काय केलंस?" घरी दोन शब्द बोलायला लाजणारी आमची पोर! पाठांतराने हे येत नाही. समोरच्याचं नीट ऐकलं तरच येतं. म्हणून बुजऱ्या पण बारकाईने वाचणाऱ्या मुलासाठी मी मॉक ट्रायलच सुचवेन. नाटकाची आवड असेल तर साक्षीदाराची भूमिका त्याच्यासाठीच आहे.

राष्ट्रीय स्पर्धेचं स्वप्न असेल तर एक लक्षात घ्या. मॉक ट्रायलची ही स्पर्धा 1984 पासून भरते आणि तिथे साधारणपणे प्रत्येक राज्याचा एकच संघ जातो. एकट्याच्या मेहनतीवर तिथे पोचता येत नाही, अख्खा संघ चांगला लागतो. डिबेटमध्ये जोडीने किंवा एकट्याने पुढे जायची वाट आहे.

नाव घालण्याआधी कोचना एवढं जरूर विचारा: नवख्या मुलांना उभं राहायला मिळतं का? आमच्या लेकीचे पहिले तीन महिने टाइमकीपर म्हणून वेळेच्या पाट्या दाखवण्यात गेले.