ॲक्सिस ॲटलास कार्ड: वर्षभर वापरल्यावर ५,९०० रुपये वसूल होतात का?

ॲक्सिस बँकेचं ॲटलास क्रेडिट कार्ड वापरायला लागून वर्ष उलटलं. दुसऱ्या वर्षाची फी भरून झाली, माइल्स, म्हणजे खर्चावर मिळणारे बक्षिसाचे पॉइंट, साठवून झाले, वापरूनही झाले. ऑफिसात आणि नात्यात ‘हे कार्ड घेऊ का’ असं विचारणारे बरेच आहेत. प्रत्येकाला माझं उत्तर वेगळं असतं, कारण ते कार्डापेक्षा विचारणाऱ्याच्या घरखर्चावर जास्त अवलंबून आहे.

आधी आकडे. वार्षिक फी ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून जातात ५,९००. पहिल्या वर्षी पहिल्या व्यवहारावर २,५०० एज माइल्स (बँकेच्या माइल्सचं नाव) मिळतात. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर, किंवा बँकेच्या ट्रॅव्हल एज पोर्टलवर पैसे भरले तर दर शंभर रुपयांना ५ माइल्स, तेही महिन्याला दोन लाखांपर्यंतच. बाकी खर्चावर शंभराला २. वर्षात तीन लाख खर्च झाला की २,५०० माइल्स बोनस, साडेसात लाखांना आणखी २,५००, पंधरा लाखांना ५,०००. साडेसात लाखांना तुम्ही गोल्ड श्रेणीत जाता, पंधराला प्लॅटिनम, साडेसातच्या खाली सगळे सिल्व्हर.

जाहिरातीत पहिल्या वर्षाचं चित्र दाखवतात. खरा निर्णय दुसऱ्या वर्षाचा असतो. नूतनीकरणाला गोल्डवाल्यांना २,५०० आणि प्लॅटिनमवाल्यांना ५,००० माइल्स मिळतात, सिल्व्हरला काहीच नाही. म्हणजे माझ्यासारख्या सिल्व्हर ग्राहकाला दुसऱ्या वर्षी ५,९०० रुपये भरून पाटी कोरीच मिळते. कार्ड घ्यायचं की नाही हे ठरवताना स्वागताचे २,५०० माइल्स हिशेबात धरूच नका. ते बाजूला ठेवूनही गणित जमत असेल तरच पुढे जा.

आता मुद्द्याचं. कशावर माइल्स मिळत नाहीत ती यादी बघा: घरभाडं, विम्याचे हप्ते, वीज-पाणी-गॅसची बिलं, मोबाइल आणि ब्रॉडबँड, पेट्रोल, सोनं-दागिने, सरकारी भरणा, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या वर्षभराच्या मोठ्या रकमा काढल्या तर त्या नेमक्या इथेच असतात. जानेवारी ते मार्च विम्याचे हप्ते, एप्रिल-मे मध्ये मिळकतकर, पाडव्याला किंवा दसऱ्याला घेतलेलं सोनं, दर महिन्याचं महावितरणचं बिल आणि गाडीचं पेट्रोल. यातल्या एकावरही शून्याच्या वर काही मिळत नाही. तीन लाखांच्या टप्प्यातही हे खर्च धरले जात नाहीत. उरतं काय? किराणा, कपडे, ऑनलाइन खरेदी, बाहेरचं जेवण, दवाखाना, प्रवास. ‘आमचा महिन्याचा खर्च सहज साठ हजार आहे, तीन लाख म्हणजे काहीच नाही’ असं म्हणणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीनं मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढून पेन्सिलीनं या रकमा खोडल्या, तेव्हा जेमतेम निम्मं शिल्लक राहिलं. तुम्हीही हे आधी करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी आहे.

समजा, प्रवास जवळपास नाही आणि तीन लाखांचा साधा खर्च या कार्डावर झाला. मिळाले ६,००० माइल्स, वर बोनस २,५००, एकूण ८,५००. ट्रॅव्हल एजवर एका माइलला एक रुपया मिळतो, म्हणजे ८,५०० रुपये. फी वजा केली की २,६०० उरले. हाच तीन लाखांचा खर्च ऑनलाइन असता आणि एसबीआयच्या कॅशबॅक कार्डावर केला असता, तर पाच टक्क्यांनी १५,००० परत आले असते आणि त्या कार्डाची फी जीएसटी धरून बाराशेच्या आत आहे. त्यालाही भाडं, विमा, बिलं चालत नाहीत आणि महिन्याच्या कॅशबॅकला कमाल मर्यादा आहे, पण दर महिन्याला पंचवीस हजारांच्या खर्चाला ती आडवी येत नाही. जे लोक वर्षातून एकदा गोव्याला जातात आणि बाकी सगळं ॲमेझॉन-स्विगीवर चालतं, त्यांनी इथेच थांबावं. ॲटलास त्यांच्यासाठी नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

मग मी दुसऱ्या वर्षाची फी का भरली? कारण एका एज माइलचे विमान कंपन्यांचे दोन माइल्स होतात. या कार्डाचा सगळा जीव या ट्रान्सफरमध्ये आहे. माझा भाऊ सिंगापूरला असतो. आई-बाबा रत्नागिरीला. त्यांना भावाकडे पाठवायचं होतं आणि ती दोन तिकिटं मला माइल्सवर काढायची होती. मी माझे एज माइल्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात वळवले. खातं माझ्या नावावर, पण त्यात पाच जणांपर्यंत नॉमिनी जोडता येतात, मग त्यांचं तिकीट आपल्या माइल्समधून निघतं. आई-बाबांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाकली, आडनाव-पहिलं नाव यांचा क्रम दोनदा तपासला.

सीट शोधणं हे मात्र चिकाटीचं काम आहे. माइल्सवर मिळणाऱ्या जागांचे दोन मुख्य भाव असतात, सेव्हर आणि ॲडव्हांटेज. सेव्हर स्वस्त, पण जागा थोड्या. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून एकही तारीख सेव्हरमध्ये दिसेना. जिथे दिसली तिथे वेटलिस्ट. जूनच्या उत्तरार्धात, शाळा सुरू झाल्यावर, एकदम रांगेनं तारखा मोकळ्या. आई-बाबांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, त्यामुळे जमलं. चौघांचं कुटुंब सुट्टीतच निघणार असेल तर माइल्सच्या भरवशावर राहून तिकिटं काढायला उशीर करू नका. आधी सीट आहे का ते बघायचं, मगच माइल्स वळवायचे. एकदा पलीकडे गेलेले माइल्स परत येत नाहीत. शिवाय क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांत संपतात.

माइल्सची किंमत काढायची माझी पद्धत साधी आहे. तिकीट रोखीनं २२,००० ला असेल आणि माइल्सवर काढताना १५,००० माइल्स अधिक ४,००० कर द्यावा लागत असेल, तर वाचले १८,००० रुपये. ते १५,००० नी भागले की एका माइलला १ रुपया २० पैसे. एका एज माइलचे दोन होतात, म्हणून इथे एज माइल पडला २ रुपये ४० पैशांना. एका एज माइलला दीड रुपयाच्या खाली भाव येत असेल तर मी थांबते आणि तिकीट रोखीनं काढते. आता वर्षात लाखभर थेट विमान-हॉटेलवर आणि तीन लाख इतर खर्च धरा. ५,००० अधिक ६,००० अधिक बोनस २,५००, म्हणजे १३,५०० एज माइल्स. पोर्टलवर त्यांचे १३,५०० रुपये, नीट वळवले तर २७,००० माइल्स आणि वरच्या भावानं बत्तीस हजारांच्या आसपासचा प्रवास. माइल्स वळवण्यासाठी बँकेनं कंपन्यांचे दोन गट केलेत. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या ‘अ’ गटातल्या कंपन्यांकडे वर्षाला ३०,००० एज माइल्सच वळवता येतात, एअर इंडिया असलेल्या ‘ब’ गटाला १,२०,००० ची मर्यादा आहे. सिल्व्हरवाल्याला दोन्ही पुरतात.

पण आपला प्रवास विमानाचाच असतो का? गणपतीला रत्नागिरी, डिसेंबरात मालवण-तारकर्ली, मधेच कोल्हापूर-नरसोबाची वाडी. मालवणात समुद्राकाठच्या घरगुती निवासात राहिलो. काकूंच्या ओट्याशेजारी भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला, वर मिठाच्या हाताचे डाग. खोलीचं भाडं, सुरमईची थाळी, सोलकढी, बोटीवाल्याचे पैसे, सगळं यूपीआयवर. यूपीआयला फक्त रूपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, माझं ॲटलास व्हिसाचं आहे, ते पाकिटातून बाहेरच आलं नाही. रेल्वे, एसटी, टॅक्सी यांनाही ५ चा दर नाही, कारण तो विमान आणि हॉटेलपुरता आहे. कोकणात आणि गावाकडेच ज्यांचा प्रवास होतो त्यांनी ‘ट्रॅव्हल कार्ड’ या शब्दावर जाऊ नये.

हॉटेलांतही एक मेख आहे. बँक तुमच्या पावतीवरचं नाव बघत नाही, कार्ड मशीन कुठल्या धंद्याच्या कोडवर नोंदलंय ते बघते. लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टनं काउंटरवर जे मशीन पुढे केलं ते त्यांच्या रेस्टॉरंटच्या नावावर होतं. दोन रात्रींच्या बिलावर शंभराला ५ ऐवजी २ च माइल्स जमा झाले. रिसॉर्टला फोन केला तर ‘मॅडम, मशीन एकच आहे’. तेव्हापासून मोठी रक्कम असेल तर आधी थोडा ॲडव्हान्स भरून माइल्स किती पडतात ते बघते, मग उरलेली रक्कम. मेकमायट्रिपसारख्या साइटवरून बुकिंग केलं तरीही ५ चा दर नाही. तिथे कूपननं जास्त सवलत मिळत असेल तर खुशाल घ्या, पण तुलना करून घ्या.

लाउंजबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, म्हणून लिहिते. सिल्व्हरला वर्षाला देशात ८ आणि परदेशात ४ वेळा. पहाटेच्या विमानाच्या वेळी देशातल्या लाउंजबाहेर रांग असते, मशीनवर २ रुपयांचा व्यवहार होतो, आत गेल्यावर उपमा, इडली, फळं, मशीनची कॉफी. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना टेकायला खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह मिळालं, याचं मला खरंच समाधान आहे. पैशांत मात्र मी एका भेटीचे तीनशेच धरते, कारण लाउंज नसतं तर विमानतळावर चहा आणि सँडविचवर तेवढेच गेले असते. दीड-दोन हजार धरून फी वसूल झाली म्हणणारे हिशेब फुगवतात.

परदेशात हे कार्ड सरसकट वापरू नका. परकीय चलनाच्या व्यवहारावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. एक लाख खर्चले तर ४,१३० रुपये जादा जातात आणि हातात येतात २,००० माइल्स. तिथल्या दुकानांसाठी आणि मेट्रोसाठी मार्कअप नसलेलं स्कॅपियासारखं कार्ड सोबत ठेवा. अपवाद थेट भरलेल्या हॉटेल बिलाचा, कारण तिथे ५ माइल्स मिळतात आणि ते चांगल्या भावानं वापरता आले तर मार्कअप भरून निघतो.

माइल्स साठवून ठेवायचे नाहीत, यावर मी फार आग्रही आहे. याच बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाख खर्चून २५,००० पॉइंट मिळायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून तो लाभ बंद झाला, ट्रान्सफरचा दरही घसरला. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या ‘क्लब विस्तारा’ योजनेतले पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले. आपल्या खात्यातल्या माइल्सचा भाव आपण ठरवत नाही. वर्षभरात कुठे जायचं ते आधी ठरवून तेवढेच जमवा आणि वापरून टाका.

बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरायचं. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर व्याज लागतं, वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. एकदा जरी ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकी पुढे ढकललं तरी बरेचसे माइल्स त्यात वाहून जातात. ज्यांना ही सवय आहे त्यांनी कुठलंच फीचं कार्ड घेऊ नये.

तिसऱ्या वर्षी कार्ड ठेवायचं की नाही, ते भावाच्या बदलीवर ठरेल. तो पुण्यात परतला तर माझा विमानप्रवास निम्म्यावर येईल आणि मग ५,९०० भरण्यात अर्थ नाही. बंद करताना माइल्स आधी वापरायचे किंवा वळवायचे, बाकी शून्य करायची आणि लेखी विनंती द्यायची. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं, त्यानंतर उशीर झाला तर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. विनंतीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.