देवमाशाचा फिरता चित्रसंच : भाड्यानं आणण्याआधी

शाळा, गावातली वाचनालयं आणि गणेश मंडळं यांना चार-पाच दिवसांसाठी भाड्यानं मिळणारा हा २४ फ्लेक्सचा संच. चित्रांत, ग्रंथांत आणि पुराणकथांत आलेला देवमासा हा त्याचा विषय. प्रत्येक फलक ३ फूट बाय २ फूट, सोबत आवाजांचा पेनड्राइव्ह. भंडारा-गोंदियाकडच्या पोरांनी बोडीतला (लहान तळ्यातला) मरळ नि कतला पाहिलेला असतो, समुद्र नाही. त्यांच्यासाठी देवमासा म्हणजे समोरचं चित्रच. म्हणून कोणतं चित्र कुठं चुकलंय हे सांगणं इथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि संचानं ते काम निम्मंच केलं आहे.

उत्तम भाग फलक ७ ते ११. सातव्यावर नुसती रिकामी चौकट आहे. १५२० साली चित्रकार ड्यूरर किनाऱ्याला लागलेला देवमासा बघायला नेदरलँड्समधल्या झीलंडला गेला, पण तो पोचेपर्यंत लाटांनी मासा परत ओढून नेला होता. शेजारी १५३९ चा ओलाउस मॅग्नसचा समुद्री नकाशा : खलाशांनी देवमाशाच्या पाठीवर नांगर टाकलाय आणि वर चूल पेटवलीय. बेट समजून माशावर उतरण्याची ही गोष्ट सिंदबादच्या पहिल्या सफरीतही आहे, आयर्लंडच्या संत ब्रेंडनच्या कथेतही. तिन्ही एका ओळीत लावली आहेत, फार छान दिसतात.

मग येतं १५९८ चं काटवाइकचं कोरीव चित्र, गोल्ट्सियसच्या रेखाटनावरून केलेलं. हॉलंडच्या वाळूत पडलेला स्पर्म व्हेल (देवमाशाची एक जात), भोवती माणसांची गर्दी. शेपूट, जबडा बऱ्यापैकी बरोबर, पण डोळ्याजवळचा पर कानासारखा काढलाय. ज्यांनी प्राणी न पाहता चित्रावरून चित्र काढलं, त्यांनी तो कानही उचलला. हा फलक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा आणि बाजूला एवढंच लिहा : माशाची शेपटी उभी असते, देवमाशाची आडवी. देवमासा सस्तन प्राणी, त्याचा कणा वर-खाली लवतो, म्हणून शेपटी तशी. ही एक खूण हाती असली की बाकीचे फलक पोरं स्वतःच तपासतात.

खरी अडचण फलक १३ ते १६ ची. चारही चित्रांखाली छापलंय ‘देवमासा’. बायबलातल्या योनाच्या हिब्रू कथेत शब्द आहे ‘मोठा मासा’, व्हेल नव्हे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हाती आलेला इवलासा मासा घटात, मग खड्ड्यात, मग समुद्रात वाढतो आणि शिंगाला नाव बांधून ओढतो. तोही मासाच. महाभारतातला तिमिंगिल म्हणजे तिमी नावाच्या प्रचंड माशालाही गिळणारा. त्याच्यामागे देवमासा असेल असं म्हणता येईल, खात्रीनं नाही. आणि मकर तर मुळीच नाही. देवळाच्या तोरणावर सोंड उचललेला, मगरीच्या जबड्याचा जो मकर कोरतात, तो गंगेचं नि वरुणाचं वाहन. गावच्या देवळात रोज दिसणाऱ्या मकराला पोरं उद्या व्हेल म्हणतील. चारही ओळींवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवा.

फलक १८ वरही चिठ्ठी लागेल. ‘मोबी डिक’ या १८५१ च्या कादंबरीच्या ५५ व्या अध्यायात निवेदक म्हणतो, की व्हेलचं सर्वांत जुनं चित्र घारापुरीच्या लेण्यात आहे, मत्स्यावताराचं. संचानं ते जसंच्या तसं उचललंय. घारापुरीचं मुख्य लेणं शिवाचं आहे. त्याच अध्यायात निवेदक त्या शिल्पाची शेपटी पार चुकीची म्हणतो, ते मात्र गाळलं.

व्हिएतनामचा फलक जिथं ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, वस्ती आहे तिथं आवर्जून दर्शनी लावा. व्हिएतनामचे कोळी देवमाशाला ‘ओंग’, म्हणजे आजोबा, म्हणतात. मेलेला मासा ज्याला पहिल्यांदा दिसतो तो थोरल्या मुलाप्रमाणे सुतक पाळतो. फान थियेतच्या देवळात २२ मीटरचा सांगाडा जपलेला आहे.

आवाजांत हम्पबॅक या देवमाशाचं गाणं साध्या ब्लूटूथ स्पीकरवर स्वच्छ येतं. निळ्या देवमाशाची फाइल मात्र वेग वाढवलेली आहे, कारण मूळ आवाज इतका खालचा की मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही. पेनड्राइव्हवर हे लिहिलेलं नाही, तुम्ही सांगा.

आकाराचा अंदाज देणारा एकही फलक नाही. मैदानावर फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) ३० मीटरची रेघ मारा : सर्वांत मोठा निळा देवमासा तेवढा.

लावताना : फलकाला चारच आयलेट (दोरी ओवायची कडी बसवलेली भोकं) आहेत, ते वाऱ्यानं फाटतात. वर-खाली बांबूची काडी घालून सुतळीनं ताणा. पश्चिमेची ओसरी टाळा, एप्रिल-मेच्या उन्हात फ्लेक्स ढिला पडून झोळ येतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. परत देताना छपाई बाहेर ठेवून गुंडाळा, घडी घालू नका. घडीवरची शाई पांढरी पडते आणि अनामत कापली जाते. ताब्यात घेतानाच २४ मोजा आणि जुन्या घड्यांचे फोटो काढून ठेवा.