टेक्सासच्या छोट्या शाळा आणि यूआयएलची फेररचना: सेवा म्हणून कितपत चालते?

टेक्सासमधल्या सरकारी हायस्कुलांनी कोणत्या गटात खेळायचं हे शाळा ठरवत नाहीत. यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग ठरवते, आणि दर दोन वर्षांनी मांडलेला डाव मोडून नव्याने मांडते. हे परीक्षण त्या फेररचनेचं, आणि तेही सगळ्यात लहान, १ए वर्गातल्या शाळांच्या बाजूने. निकाल आधीच सांगतो: फुटबॉलसाठी (इथे अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा) ही सेवा चांगली, बास्केटबॉलसाठी त्रासदायक, आणि नियमित अंतराने शाळांची जुनी चुरस मोडणारी.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी कॉन्फरन्स म्हणजे शाळांनी आपसात जमवलेला कंपू. पटलं तर बोलवा, नाही पटलं तर बाहेर पडा. टेक्सासात कॉन्फरन्स म्हणजे पटसंख्येवरून ठरलेला वर्ग, १ए ते ६ए. त्या वर्गातल्या जवळपासच्या शाळांचा गट म्हणजे डिस्ट्रिक्ट. शाळा चालवणारा प्रशासकीय डिस्ट्रिक्ट वेगळा. नवे पालक इथेच गोंधळतात.

पट कसा धरतात? विषम वर्षातल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी जितकी मुलं हजेरीपटावर, तो आकडा. डिसेंबरमध्ये वर्गांच्या मर्यादा जाहीर होतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला गट. २०२४ ते २०२६ या फेरीत १०४.९ पर्यंत १ए, १०५ पासून २ए, आणि वर २२७५ पासून ६ए. आपल्याकडे पट घसरला की तुकडी जाते, शिक्षकाचं पद जातं. इथे पट वाढला तरी पंचाईत होते. शंभराच्या आसपास मुलं असलेल्या शाळेत त्या शुक्रवारच्या आधी दोन-तीन कुटुंबं राहायला आली, तर शाळा थेट दुसऱ्या वर्गात जाते. मग समोर अडीचशे मुलांची शाळाही येऊ शकते. छोट्या गावातला सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथल्या शाळांचा प्रमुख अधिकारी, ऑक्टोबरमध्ये कोण आलं, कोण गेलं यावर डोळ्यात तेल घालून बसतो तो याचसाठी.

१ए हा सहा खेळाडूंच्या फुटबॉलचा वर्ग. स्टीफन एप्लर यांनी १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या चेस्टरला हा खेळ बसवला, कारण मंदीच्या काळात लहान शाळांना ११ मुलं जमत नव्हती. टेक्सासात तो १९३८ मध्ये आला. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद. फर्स्ट डाउनसाठी, म्हणजे चेंडू आपल्याकडेच राखायला, १० नव्हे, १५ यार्ड पुढे जावं लागतं. सहाही जण पास झेलू शकतात, मात्र स्नॅप, म्हणजे डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू, घेणाऱ्याने तो दुसऱ्याकडे दिल्याशिवाय डाव सुरू झालेली रेषा ओलांडून पळायचं नाही. टचडाउननंतर (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेल्यावर) लाथेने मारलेल्या गुणाचे २, पळून किंवा पासने मिळवलेल्याचा १, म्हणजे मोठ्या फुटबॉलच्या बरोबर उलट. फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळात लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूचे, ४. कारण साधं आहे: पुढे तिघेच असल्याने लाथ मारणाऱ्याला आडोसा मिळत नाही. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही ४५ गुणांचा फरक पडला की सामना तिथेच संपतो. हा नियम दयेचा म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात आठ-नऊ मुलांच्या संघाला दुखापतीपासून वाचवणारा आहे.

आता सदस्य कसे बदलत गेले ते. लीगची सुरुवात १९१० मध्ये वादविवादाच्या स्पर्धांनी झाली; खेळ नंतर जोडले गेले आणि १९१३ मध्ये दोन संस्था एकत्र होऊन आजचं नाव आलं. कारभार ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाकडे. कृष्णवर्णीय शाळांना मात्र या घरात जागा नव्हती. त्यांची प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलास्टिक लीग वेगळी चालायची. १९६७ पासून त्या शाळा यूआयएलमध्ये येऊ लागल्या आणि १९७० मध्ये ती लीग बंद झाली. सदस्य वाढले असं कागदावर दिसतं. पण एकत्रीकरणात त्यातली कित्येक हायस्कुलं बंदच पडली, आणि त्यांच्या ढालीही त्यांच्याबरोबर गेल्या.

ग्रामीण शाळांना दुसरा धक्का १९४९ च्या गिल्मर-ऐकिन कायद्यांनी दिला. शाळा चालवणारे ४,५०० प्रशासकीय डिस्ट्रिक्ट विलीन होत २,९०० झाले. आज हजाराच्या थोडेच वर आहेत. सहा खेळाडूंच्या फुटबॉलचं पहिलं राज्य अजिंक्यपद १९७२ मध्ये ओब्रायन या शाळेने जॅरेलला हरवून जिंकलं. ओब्रायन आज नॉक्स सिटी-ओब्रायन या जोडनावातल्या रेघेपलीकडे उरलं आहे. जॅरेल ऑस्टिनच्या उत्तरेला हमरस्त्यालगत आहे; तिथे घरं इतकी वाढली की शाळा कधीच ११ खेळाडूंच्या फुटबॉलमध्ये गेली. शाळा मिटणं आणि शाळा फुगणं, दोन्ही एकाच अंतिम सामन्यात भेटतात. २०१४ मध्ये ६ए वर्ग आला तेव्हा खालची पायरीही नव्याने मांडली गेली आणि १ए हे नाव सहा खेळाडूंचं फुटबॉल खेळणाऱ्या शाळांकडे आलं.

सेवेची जमेची बाजू मोठी आहे. कोणतीही शाळा अनाथ राहत नाही. आपसात जमवलेल्या कंपूत सतत हरणाऱ्या किंवा सतत जिंकणाऱ्या शाळेला हळूच बाजूला सारतात. इथे ती सोय नाही. नकाशा आणि पट, बस्स. गटातले पहिले दोन संघ बाद फेरीत जातात आणि अंतिम सामना आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये होतो. गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट खुर्च्या तिथे रिकाम्या असतात, पण मुलांना त्याचं काही नाही.

आता तक्रारी.

पहिली, विषम संख्येचे गट. पाच शाळांचा गट असेल तर दर शुक्रवारी एक संघ रिकामा. त्याला त्याच शुक्रवारी रिकामा असलेला दुसऱ्या विषम गटातला संघ शोधावा लागतो. हंगामात १० सामने. पाचच्या गटात चार गटातले, बाकी सहा स्वतः जमवायचे. म्हणून गट जाहीर झाल्या सकाळी प्रशिक्षकांचे फोन तापतात. दुपारपर्यंत चांगल्या तारखा संपतात. उरतात दोनशे मैलांवरचे संघ. आलटूनपालटून घरच्या आणि बाहेरच्या सामन्याचा दोन वर्षांचा करार लेखी करावा आणि माघारीचा दंड त्यात लिहावा. तोंडी शब्दावर राहिलेल्यांना ऑक्टोबरमध्ये रिकामा शुक्रवार मिळतो.

दुसरी, अंतर. पश्चिम टेक्सासात मार्फा ते फोर्ट डेव्हिस २१ मैल, पण मार्फा ते व्हॅन हॉर्न साधारण ७५. फुटबॉल आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, तेवढं चालतं. बास्केटबॉल मंगळवारी आणि शुक्रवारी, मुलींचा आणि मुलांचा सामना पाठोपाठ. मंगळवारी मध्यरात्री बस परतते आणि बुधवारी सकाळी पहिला तास. त्यात १९८४ चा ‘नो पास, नो प्ले’ कायदा: एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलात की तीन आठवडे सामने बंद. प्रवास यूआयएल लादते, गुण कायदा मागतो, आणि दोन्हींत अडकतात मुलं.

शिवाय फुटबॉलसाठी १ए चे पटावरून दोन भाग होतात, बास्केटबॉलचे गट वेगळे. त्यामुळे शेजारचं गाव एका खेळात गटात असतं, दुसऱ्यात नसतं. जुनी चुरस टिकवायची असेल तर गटाबाहेरच्या तारखांपैकी एक तिच्यासाठी आधीच राखून ठेवावी. यूआयएल हे करून देत नाही.

तिसरी तक्रार गटाच्या कार्यकारी समितीची. खेळाडूच्या पात्रतेवर त्याच गटातल्या शाळांचे प्रतिनिधी मत देतात, म्हणजे ज्याच्या बाद होण्याने ज्यांचा फायदा तेच पंच. वर राज्य समितीकडे दाद मागता येते, पण तोवर दोन सामने निघून जातात. गट बदलून घ्यायचा तर सोडायच्या आणि जायच्या अशा दोन्ही गटांतल्या शाळांची एकमुखी संमती मिळवणं हा सोपा मार्ग. एकानेही होकार दिला नाही की अपील समितीपुढे जावं लागतं.

ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी पालकांना १ए शी सहसा काम पडत नाही, पण एक कागद सगळ्यांना सारखा. आधीच्या शाळेत खेळलेला मुलगा किंवा मुलगी शाळा बदलून आली, तर व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात उतरण्याआधी पीएपीएफ, म्हणजे आधीच्या क्रीडा सहभागाचा फॉर्म, जुन्या शाळेच्या सहीसह लागतो. खेळासाठीच शाळा बदलली असं समितीला वाटलं, तर व्हर्सिटीचं किमान एक वर्ष जातं. घर बदलायच्या आधी जुन्या शाळेतल्या प्रशिक्षकाशी बोलून ठेवा, ती सही नंतर मिळवणं कटकटीचं असतं.