ऑप/टेकची रेनस्लीव्ह: पावसात पास, वाऱ्यात काठावर

डोंगरात ढग फाटून कड्यावर ऊन पडतं ते काही सेकंदच, त्यामुळे कॅमेऱ्यावर पावसाचं कव्हर किती झटपट चढतं याला महत्त्व. तिथे रेनस्लीव्ह ही पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी जाड कापडी कव्हरपेक्षा उजवी आहे. पाकिटात दोन नग, घडी खिशात मावते. लांबी सुमारे ४६ सेंमी, म्हणजे २४-१०५ मिमी झूम लेन्स हूडसकट (लेन्सच्या टोकावरची कडा) आरामात बसते.

आधी आयकप (डोळा टेकवायची रबरी कड) काढा, पिशवीचं भोक आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या काचेवर, बसवा आणि आयकप वरून परत लावा; प्लॅस्टिक त्यात अडकून राहतं. पुढची दोरी हूडच्या कडेपासून जरा मागे आवळा. अगदी कडेवर आवळली तर वाइड फ्रेमच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची धूसर पट्टी येते आणि ती घरी गेल्यावरच दिसते. ओल्या प्लॅस्टिकमधून टचस्क्रीनवर भरवसा नको. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, व्ह्यूफाइंडरमध्येच लावून ठेवा. काळ्या ढगापुढे उजळलेला कडा असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर ढगाला भुलतो आणि कडा पांढराफटक होतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (उजेडाचं माप; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आधीच करून ठेवलेलं बरं.

खरी परीक्षा वाऱ्यात. ट्रायपॉडवर सैल प्लॅस्टिक शिडासारखं फुगतं आणि पाव सेकंदाच्या एक्स्पोजरलाही कॅमेरा थरथरतो. खालचा घेर बॉलहेडभोवती (ट्रायपॉडचा वरचा फिरता सांधा) वेल्क्रो पट्ट्याने गुंडाळला की फडफड बरीच कमी होते, पण जोराच्या झोतात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून १/१२५ सेकंदाच्या शटरवर या. लांब एक्स्पोजरच हवं असेल तर ही पिशवी घेऊ नका. आणि गडगडाट ऐकू येत असेल तर कव्हरचा विषयच संपला, धारेवरून खाली उतरा. कार्बनच्या ट्रायपॉडमधूनही वीज वाहते.

लेन्सची पुढची काच मात्र उघडीच राहते. वाइड लेन्सवर एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक असताना) थेंबांचे डाग ठसठशीत उमटतात, एफ/८ ला (छिद्र मोठं असताना) पुष्कळ विरतात. दोन फ्रेमच्या मध्ये लेन्स खाली झुकवा, कोरडी मायक्रोफायबर फडकी झिपच्या पिशवीत ठेवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवायचा फिल्टर) फिरवायला बोटं हूडच्या पुढून आत घालावी लागतात. इंद्रधनुष्य उमटलं असेल तर हा खटाटोप टाळू नका, कारण चुकीच्या कोनात ते फोटोतून चक्क पुसलं जातं.

पाऊस थांबला की पिशवी लगेच काढा, आत बाष्प धरतं. बारीक चीर पडलीच तर पिशवी कोरडी करून पारदर्शक टेप लावा, काम भागतं.