प्रबंधासाठी मिंग की चिंग?

भाची अडलीय: मावशी, चीनच्या या दोन राजवटींपैकी कोणता काळ घेऊ?

सत्तेची रचना मिंगमध्ये (१३६८–१६४४) लवकर उलगडते. पहिला मिंग बादशहा होंगवूने १३८० मध्ये पंतप्रधानपदच मोडीत काढलं, सगळा भार बादशहावर आला.

साधनांत मात्र चिंग (१६४४–१९१२) कितीतरी श्रीमंत. अधिकाऱ्यांच्या गुप्त अर्जांवर योंगझेंग बादशहाने लाल शाईत स्वतः लिहिलेले शेरे आजही वाचता येतात. कुठे नुसतं ‘कळलं’, कुठे चांगली खरडपट्टी. मला राज्यकारभार जिवंत दिसतो तो तिथेच. मेहनत जास्त, कारण चिनीसोबत चिंग राज्यकर्त्यांची मांचू भाषाही शिकावी लागेल.

अधिकारी निवडण्याच्या परीक्षा दोन्हीकडे होत्या.

शेतसारा, चांदी, व्यापार यांत रस असेल तर मिंग घे. जिंकून घेतलेल्या मुलखातल्या पुरुषांना डोकं भादरून वेणी ठेवायला लावणाऱ्या १६४५च्या हुकुमासारखे प्रश्न छळत असतील, तर चिंगच.