ओएनटी ब्रिज मोडवर आणि राउटर स्वतःचा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी फायबरची जोडणी घेतली, तेव्हा कंपनीने बसवलेल्या एकाच डब्यात ओएनटी (फायबरचे घरातले टोक जिथे जोडतात ते उपकरण) आणि वायफाय दोन्ही होते. फायबरमधून येणारा प्रकाश इथरनेटच्या सिग्नलमध्ये बदलण्याचे काम तो डबा उत्तम करत होता. मात्र त्याचे वायफाय पडवी ओलांडून आत नीट पोहोचत नव्हते. चिऱ्याच्या भिंती जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या, त्यामुळे माजघरात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम उरत असे. म्हणून ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे जोडणी फक्त पुढे पाठवण्यापुरता, ठेवून घराच्या मध्यभागी स्वतःचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) राउटर बसवला. पावसाळा पार पडल्यावर आज मी खात्रीने सांगतो, की हा निर्णय योग्य होता.

नवा राउटर विकत घेण्याआधी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (इंटरनेटची वाहतूक वेगळी ओळखण्यासाठी तिला लावायचा क्रमांक). युजरनेम आणि पासवर्ड बहुतेक जण विचारतात. व्हीलॅन मात्र राहून जातो, आणि मग सगळे बरोबर भरूनही राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘कनेक्टिंग’ एवढेच दिसत राहते. व्हीलॅनचा टॅग ओएनटी लावणार की राउटर, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे, कारण दोन्हीकडे लावला किंवा कुठेच लावला नाही, तर जोडणी होत नाही. काही ठिकाणी जुन्या उपकरणाचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) खात्याशी बांधलेला असतो. अशा वेळी कंपनीला तो मोकळा करायला सांगणे हाच सरळ मार्ग आहे. जुन्या डब्याचे सत्र सर्व्हरवर अजून सुरू असल्यासही नवी जोडणी नाकारली जाते, तेव्हा थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

राउटरमधला एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार, १४९२ ठेवावा. इथरनेटच्या १५०० बाइटमधले ८ बाइट पीपीपीओईला लागतात, आणि हा आकडा चुकला तर बहुतेक संकेतस्थळे उघडतात पण एखादे अर्धवट उघडून अडकून बसते, त्यामुळे दोष भलतीकडेच शोधला जातो. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर राउटरला १९२.१६८.५०.१ यासारखा वेगळा पत्ता द्यावा, म्हणजे दोन्हींची पाने गोंधळाविना उघडता येतात. व्यवस्थापकाचा मूळ पासवर्ड बदलणे आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडण्याची सोय) बंद करणे ही कामे मी पहिल्याच दिवशी केली.

वायफायची रचना घराप्रमाणे करावी लागते. माजघरात दोन्ही बँड चालतात. मागच्या पडवीत आणि माळ्यावर मी २.४ गिगाहर्ट्झच वापरतो, चॅनेल १, ६ आणि ११ यांपैकी जो मोकळा असेल तो, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. वेग कमी मिळतो, पण व्हिडिओ कॉल तुटत नाही, आणि मुलांच्या अभ्यासासाठी मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते.

बाहेरून घरातला कॅमेरा थेट पाहायचा असेल, तर राउटरच्या पानावरील वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला इंटरनेट पत्ता) आधी तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, आणि आपल्या राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून काहीही साधत नाही. आमच्याकडे तसेच आहे. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घेणे किंवा आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वापरणे, हे त्यावरचे दोन रस्ते आहेत.

मला सर्वांत उपयोगी पडला तो ओएनटीच्या पानावरचा एक आकडा: येणाऱ्या प्रकाशाची पातळी. साधारणपणे ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) या मर्यादेत असावी लागते. आमच्याकडे ती उणे २१ च्या आसपास असे. श्रावणात जोडणी अधूनमधून तुटू लागली, तेव्हा ती उणे २७ पर्यंत घसरलेली दिसली. ‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार केली, की राउटर बंद करून सुरू करा, हेच उत्तर मिळते. हा आकडा सांगितल्यावर मात्र माणूस थेट खांबावर चढला. फांदीच्या भाराने तिथे फायबर तीव्र कोनात वाकली होती. ती सोडवून जोड नव्याने केल्यावर आकडा पूर्ववत झाला. ओएनटीवर एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल, तर राउटरला हातही लावू नये. प्रकाशच येत नसताना तिथे करण्यासारखे काही नसते.

विजेसाठी मिनी यूपीएस घेतला आहे. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टवर चालत असतील, तर एकच पुरतो, फक्त दोन्ही अडॅप्टरवर लिहिलेल्या अँपिअरची बेरीज त्याच्या क्षमतेत बसते का, हे पाहून घ्यावे. फायबरमध्ये तांबे नसल्यामुळे तिच्यातून वीज घरात येत नाही, पण अडॅप्टरच्या बाजूने येऊ शकते. म्हणून गडगडाट सुरू झाला, की आम्ही भिंतीतला प्लग काढतो आणि तेवढा वेळ जोडणी बॅटरीवर चालते.