पहिली रेघ कोणी मारायची? सागरी अभयारण्य आखण्याच्या दोन तऱ्हा

सागरी संरक्षित क्षेत्र आखायला बसलात की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवावी लागते: कोऱ्या नकाशावर पहिली रेघ मारणार कोण? ‘लोकांना विश्वासात घेऊ’ असं सगळेच म्हणतात. रेघ मारण्याआधी घेणार की मारून झाल्यावर, तेवढं सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या सागरी उद्यानात रेघ मारली ती उद्यान सांभाळणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने. शास्त्रज्ञांनी उद्यानाचे 70 जैवप्रदेश (म्हणजे साधारण सारखी जीवसृष्टी असलेले भाग) पाडले आणि प्रत्येकातला किमान 20 टक्के भाग मासेमारीला पूर्ण बंद, ही अट घातली. 2002 आणि 2003 मध्ये दोन फेऱ्यांत लोकांकडून 31 हजारांवर लेखी सूचना आल्या, त्या पाहून हद्दी हलवल्या, आणि 1 जुलै 2004 पासून आराखडा लागू झाला. बंद क्षेत्र 5 टक्क्यांच्या आत होतं, ते 33 टक्क्यांवर गेलं. उद्यान अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं आहे हे लक्षात घेतलं तर काम झपाट्याने उरकलं म्हणायचं. त्याची किंमतही मोजावी लागली. हौशी गळवाले बरेच दुखावले, आणि मच्छीमारांना व किनाऱ्यावरच्या धंद्यांना द्यायची मदत वाढत वाढत 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. शिवाय सूचना लिहिणारा प्रत्येक जण प्राधिकरणाशी बोलत होता; मच्छीमार आणि पर्यावरणवाले यांनी समोरासमोर बसून आपसात तोडगा काढायचा, अशी या पद्धतीची रचनाच नव्हती.

कॅलिफोर्निया ठेच खाऊन शिकलं. सागरी संरक्षित क्षेत्रांचा तिथला कायदा 1999 चा. 2001 साली शास्त्रज्ञांनी तयार नकाशे लोकांपुढे ठेवले, तेव्हा किनाऱ्यावर असा भडका उडाला की ते गुंडाळावे लागले. दुसरा प्रयत्न पैशाअभावी बारगळला. 2004 नंतर मात्र कामं वाटून दिली. शास्त्रज्ञांनी फक्त अटी लिहायच्या, त्याही मोजता येतील अशा: राखीव पट्टा किनाऱ्यालगत निदान 5 ते 10 किलोमीटर लांब हवा, आणि शेजारच्या पट्ट्यापासून 50 ते 100 किलोमीटरच्या आत, कारण माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाऊन तिथवर पोचली पाहिजेत. या चौकटीत राहून नकाशे काढायचे ते मच्छीमार, डायव्हर, पर्यावरणवाले आणि आदिवासी जमातींचे प्रतिनिधी यांनी, एका टेबलाशी बसून. पुढे ‘मरीनमॅप’ नावाची वेबवरची सोय आली. पडद्यावर हद्द ओढली की तिच्यात खडक किती, समुद्री शेवाळाचं रान किती, ते लगेच दिसायचं. मग ‘माझा पट्टा वगळा’ म्हणणाऱ्याला ‘बरं, मग तेवढाच खडक दुसरीकडे दाखव’ असं शेजारचाच सांगू शकायचा. शास्त्रज्ञाला वाईटपणा घ्यावा लागत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद इथेच आहे. राज्याच्या उत्तर भागात तर सगळ्या गटांनी मिळून एकच नकाशा दिला. 2012 अखेर राज्याच्या समुद्राचा सुमारे 16 टक्के भाग संरक्षित झाला. शेवटचा निर्णय मात्र राज्याच्या मत्स्य आणि शिकार आयोगाचाच, आणि टेबल व आयोग यांच्या मधल्या देखरेख मंडळाने नकाशात हात घातला की टेबलावरचे लोक चिडायचेच. वेळही फार लागला, आणि खर्चाचा मोठा भाग खासगी ट्रस्टांनी उचलला म्हणून गाडी चालली.

निवड करायची तर मी जागा पाहीन. समुद्र अफाट, वापरणारे विरळ, अधिकार असलेली एकच संस्था आणि भरपाईला पैसा असेल तर ऑस्ट्रेलियाची तऱ्हा. किनारा चिंचोळा आणि प्रत्येक वावावर कुणाचा तरी हक्क असेल तर कॅलिफोर्नियाची.

आपलं मालवण दुसऱ्या प्रकारात मोडतं. तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं, जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं. घोषणा वरून झाली, आणि मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं धुमसत राहिला. आता रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या पारंपरिक मासेमारीचं घ्या. होडीतून जाळं अर्धगोलात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर आणतात, दोन रांगा ते ओढतात आणि मासळीचे वाटे तिथेच पडतात. खाली खडक असला की जाळं फाटतं, म्हणून रापणीला वाळूचाच तळ लागतो. अभयारण्याने जपायचं ते प्रवाळ मात्र खडकावर. म्हणजे पेन्सिल रापणकराच्या हातात दिली तर निदान त्याच्यापुरतं भांडण वाटतं त्याहून लहान निघायची शक्यता आहे. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच घेरणारे, आणि स्नॉर्कलिंगच्या होड्या यांचं गणित वेगळं. त्यांना त्याच टेबलाशी बसवा, वेगळ्या बैठकीत नको.

कॅलिफोर्नियाचे किलोमीटर मात्र तसेच उचलून आणू नका, ते तिथल्या प्रवाहांचे आणि माशांचे आहेत. आपले आकडे आपल्या शास्त्रज्ञांकडून आधी लिहून घ्या, बैठका नंतर. आणि बैठक भर हंगामात सकाळी अकराला तालुक्याच्या कचेरीत ठेवलीत तर टेबलाशी फक्त पगारदार दिसतील. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात. तेव्हा गावात जाऊन बसा, आणि मासळी विकणाऱ्या बायकांनाही बोलवा.